गोजराबाईच्या पाटावर

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

काल आत्याबाईंचं वर्षश्राद्ध पार पडलं. गोदाकाठी, गंगेवर गुरुजी वेळेवर आले, पाऊस थांबून राहिला, आणि घरी जेवायला आलेल्यांपैकी एकही माणूस रडला नाही. पंगतीत पंचवटीतले दुकानदार आत्याबाईंच्या शिव्यांच्या नकला करत बसले होते. कोणाला जास्त खमंग शिवी मिळाली होती यावरून त्यांच्यात वाद लागला. गुरुजींना हसता हसता असा ठसका लागला की मी पळत जाऊन पाणी दिलं. सासूच्या वर्षश्राद्धाला एवढा दंगा मी तरी कुठं बघितलेला नाही.

ही डायरी साईनं दिली. बियाण्याच्या दुकानातून आलेली, अर्धं वर्ष कोरीच पडून होती. म्हणाली, "आई, तू दिवसभर बडबडतेस, त्यातलं थोडं यात लिही. माझे कान वाचतील." साई माझी मुलगी, कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, तोंड फार चालतं. मी कुठली बडबडी? लग्न होऊन या मळ्यात आले तेव्हा मखमलाबादच्या बायका मनोजला विचारायच्या, "काय रे, बायको मुकी आणलीस का?" साईला काहीही वाटतं.

तर आज सकाळी नाना ओट्यावर बसले होते. नाना म्हणजे माझे सासरे, खंडेराव. ऐंशी कधीच ओलांडली. आत्याबाई गेल्यापासून माणूस अर्ध्या भाकरीवर आला आहे. ताटावर बसतात, भाकरीचे तुकडे इकडचे तिकडे करतात आणि "झालं" म्हणून उठतात. डॉक्टर झाले, टॉनिक झालं, अंगारा झाला. मी हात टेकले.

"मीना," नाना म्हणाले, "यंदा गोजराची अहेव नवमी घालायची."

गोजरा म्हणजे आत्याबाई. साईनं विचारलं ते काय असतं. मी सांगितलं की पितृपंधरवड्यात अविधवा नवमी येते, तिलाच नाना अहेव नवमी म्हणतात. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी एक सवाष्ण पाटावर बसवायची, गेलेलीच्या आवडीचं सगळं तिला वाढायचं, साडी देऊन ओटी भरायची. तेवढ्यापुरती ती बाई म्हणजे आपली गेलेलीच, असं समजून सगळ्यांनी तिच्या पाया पडायचं. नवरा आहे तोवरच ही नवमी असते. तो गेला की बंद.

"घालू की, नाना," मी म्हटलं. "त्यात काय."

"पण एक हाय. बाई खाणारी पाहिजे. पाटावर बसून दोन घास चिवडणारी नको. मला गोजराला जेवताना बघायचंय एकदा. तशी बाई मिळाली नाय तर नवमी घालूच नका. उगं तिची थट्टा नको."

आता बोला! आत्याबाईंसारखी जेवणारी बाई आणायची कुठून? त्या जेवायला बसल्या की शेजारी जेवून उठलेलं माणूस परत ताट मागायचं. बोटं चाटत, घाम पुसत, मध्येच गोष्ट सांगत, वाढणारीला दाद देत जेवायच्या. नवमी पंधरा सप्टेंबरला आहे. मी नानांना "बघते" म्हटलं खरं. वर्षभरात या माणसानं पहिल्यांदा काही मागितलं. ते मला द्यायचंच आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

रूपालीचा फोन आला. रूपाली माझी नणंद, विंचूरला दिलेली, कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरात. नानांनी तिलाही नवमीचं सांगितलेलं दिसतं.

"वहिनी, सवाष्ण चांगल्या घरातली बघा. आणि स्वयंपाक रीतीचा करा. खीर, वडे, अळूची भाजी, आमटी."

"अगं, पण आत्याबाईंना खीर कधी आवडली? रविवारी मिसळ खाल्ल्याशिवाय त्यांचा रविवार व्हायचा नाही. वर तर्री, वर मूठभर कच्चा कांदा."

"पितरांच्या दिवसांत कांदा चालत नाही."

"तुमच्या दारात कांद्याच्या राशी, घरात कांदा, नवऱ्याच्या खिशात कांदा, आणि माझ्या सासूच्या ताटात तेवढा चालत नाही होय?"

फोन बंद झाला. तिनं ठेवला की मी, नक्की आठवत नाही. बहुतेक मीच. खरं म्हणजे मी कोणाचा फोन असा ठेवत नाही. उकाडा फार होता आज.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी. पहाटेपासून बाजारात. पंचवटीत रस्त्याच्या कडेला जिथं आत्याबाई चाळीस वर्षं फुलं घेऊन बसायच्या, तिथंच आता मी बसते. हार, दूर्वा, जास्वंद, केवडा, सगळं दहाच्या आत संपलं. बोटं पिवळी झाली आहेत झेंडूनं.

एका साहेबांनी गाडीची काच खाली केली आणि आत बसूनच हाराची घासाघीस सुरू केली. मागं रिक्षावाले हॉर्न मारून राहिले. मी म्हटलं, "साहेब, घ्या तुम्हाला पाहिजे त्या भावानं. मी गणपतीला कळवते, तुमच्यासाठी स्वस्तातलाच शोधत होते म्हणून." साहेब खाली उतरले, दोन हार घेतले, वर मलाच नमस्कार करून गेले.

शेजारी कलाबाई भाजी लावते. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. "काय झालं गं?" मी विचारलं. "काय नाय, काय नाय," म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. कांद्याची पात निवडत होती, त्यानं पाणी आलं असणार.

१ सप्टेंबर, सोमवार

गौरी जेवल्या. घर कसं भरल्यासारखं वाटलं.

मनात म्हटलं, सवाष्णींची पंगत घरात आयती बसणारच आहे, तर नवमीसाठी बाई हेरून ठेवू. शेजारच्या बंगल्यातल्या लताबाईंवर माझा डोळा होता. स्वभावानं सोन्यासारखी बाई, बोलायला गोड, नवरा ठणठणीत. सगळं बरोबर. पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. लताबाईंनी नखाएवढा तुकडा मोडला, डोळे मिटून "वा!" म्हणाल्या आणि ताटावर हात आडवा धरला. "बस गं, शुगर आहे ना मला." मी कटाची आमटी घेऊन उभी. "जरा तरी!" "नको गं, ॲसिडिटी." कुरडई? "दात." माझी नुसती तगमग झाली. त्यांचा तरी काय दोष, पण मला ते ताट ओढून स्वतःच संपवावंसं वाटत होतं.

नाना दारातून म्हणाले, "मीना, तू पण बसून घे की पंगतीला."

"सवाष्णींच्या पंगतीत मी कशी बसू, नाना," म्हणून मी आत सटकले. मनोज जाऊन सहा वर्षं झाली. मला कोणी अडवत नाही, माझी मीच बसत नाही. आत्याबाई असत्या तर भांडल्या असत्या. दरवर्षी भांडायच्या, हाताला धरून ओढायच्या, आणि दरवर्षी मी स्वयंपाकघरात पळायचे. एवढ्या एका बाबतीत त्यांचं माझ्यापुढं कधी चाललं नाही.

बाकी सगळ्यात चाललं. मनोजचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पहाटे उठवलं. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते. म्हणाल्या, "ऊठ. घरात बसून रडायचं ते बाजारात बसून रड. तेवढेच गजरे होतील." मी खरंच रडत रडत गजरे ओवले. त्यांनी ते विकले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "माझ्या सुनेनं केलेत, घ्या." स्वतःचा मुलगा गेला होता त्यांचा. त्या कधी रडल्या ते मला अजून माहीत नाही. बरं आज एवढं पुरे, भांड्यांचा ढीग पडला आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार

लताबाई बाद. दुसरं नाव कलाबाई. अंगापिंडानं दणकट, कष्टाची बाई, खात असणारच. खात्री करावी म्हणून तिला दुपारी गंगापूर रोडला मिसळ खायला घेऊन गेले. कारण सांगितलं नाही.

कलाबाईनं एक प्लेट खाल्ली, व्यवस्थित खाल्ली, पण न बोलता, खाली मान घालून, काम उरकल्यासारखी. मला काही मजा आली नाही. तिला जरा हुरूप यावा म्हणून मी दुसरी प्लेट मागवली. तर्री दोनदा मागितली. मटकी जरा कच्ची लागली, तर तसं मालकाला हाक मारून सांगितलं. बिचारा बाहेर आला, कान धरले, आणि जिलबीची बशी पुढं ठेवून म्हणाला, "मावशींची फार आठवण आली आज." चांगला माणूस आहे. आत्याबाईंची ओळख अजून ठेवतो.

मग मी कलाबाईला नवमीचं विचारलं. ती हसायलाच लागली. तिचा नवरा पुंजाराम सुरतेला कामाला गेला तो तिकडचाच झाला. कधीमधी दिवाळीला फोन येतो.

"अगं मीना, मला नवरा हाय का नाय ते त्यालाच विचारावं लागंल. माझ्याकडून म्हणशील तर मी फोन आला की सवाष्ण, ठेवला की नाय."

"मला चालेल. नानांना चालेल."

"पण मला नाय जमायचं. मी जेवंन पोटभर, तू म्हणशील तिथं बसून जेवंन. गोजराबाई होणं माझ्या बापाच्यानं नाय व्हायचं. आणि तुला तरी बाई शोधायची काय गरज? रोज तर..." एवढं बोलून ती थांबली.

"रोज काय?"

"काय नाय. जिलबी खा."

या बाईचं अर्धं बोलणं पोटातच राहतं. मी जिलबी खाल्ली. तीही बाद. आता काय करू?

७ सप्टेंबर, रविवार

आज आनंदाची गोष्ट लिहायची आहे. नानांनी अडीच भाकऱ्या खाल्ल्या!

ग्रहणाचे वेध दुपारी लागणार होते, म्हणून लवकर जेवून घ्यायचं ठरलं. मला सकाळपासून कडकडून भूक लागली होती. एरवी मी नानांना वाढून मग जेवते, आज सरळ त्यांच्यासमोर ताट घेऊन बसले. गरम भाकरी, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेचा असा झणझणीत झाला होता की माझ्या डोळ्यांतून, नाकातून पाणी. मी सूं सूं करत खात होते आणि काल विसर्जनाच्या गर्दीत हार घ्यायला आलेल्या नवऱ्या-बायकोचं भांडण सांगत होते. मध्येच बघते तर नानांनी दुसरी भाकरी मोडलेली. मी गुपचूप तिसरी वाढली.

भाकरी मोडता मोडता नाना एकदम हसायला लागले. म्हणाले, "गोजरानं स्कूटर शिकायचं काढलं होतं, आठवतं का?"

मी कशी विसरेन? अठ्ठावन्नाव्या वर्षी आत्याबाईंना स्कूटरचं वेड लागलं. रोज फुलांचं ओझं घेऊन टेम्पोवाल्याची मिनतवारी कोण करील, म्हणाल्या. मनोज शिकवायचा. पण पुढची गोष्ट मला माहीत नव्हती. नाना म्हणाले, "एका दुपारी घरात कोणी नव्हतं. ही बया एकटीच गाडी घेऊन निघाली आणि सरळ झेंडूच्या वाफ्यात. मी धोतर सावरत पळालो. बघतो तर गाडी तिकडं, ही इकडं, फुलांत उताणी पडलेली. माझा जीव गेला. म्हटलं, गोजरा! तर म्हणते, ओरडू नका. इथून आभाळ लय बेस दिसतंय. या, तुम्ही बी आडवे व्हा."

"मग?" साईनं विचारलं.

"मग काय, झालो आडवा. करतो काय!"

नाना लाजले. ऐंशीच्या पुढचा माणूस नव्या नवरदेवासारखा लाजला. साई तर हसून हसून लोळली. नाना हात धुऊन उठले तेव्हा मी भाकऱ्यांची टोपली बघितली. डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात टॉनिक बदलून दिलं, त्याचा गुण दिसतो. उद्या अजून एक बाटली आणून ठेवते.

११ सप्टेंबर, गुरुवार

रूपाली आली, चार दिवस राहायला. आल्या आल्या तिनं नवमीचा ताबा घेतला. लताबाईंना जाऊन आमंत्रण देऊन आली. म्हणाली, "त्या कमी खातात तर खाऊ द्या. रीत महत्त्वाची."

मी नानांकडे बघितलं. मला वाटलं होतं, आता ते नवमी नको म्हणून काठी आपटतील. पण नाना नुसतं "बरं" म्हणाले. इतकं सहज म्हणाले की मला रडूच फुटायचं राहिलं. म्हणजे त्यांनी आशा सोडली. मला एवढे दिवस मिळाले होते आणि नाशिकसारख्या शहरात मला एक खाणारी बाई शोधता आली नाही! पुढच्या वर्षाचं कोणी सांगावं? या माणसानं एकच गोष्ट मागितली होती.

राग कुठं काढावा, तर बाजारातून येताना रिक्षावाला फुलांच्या पाट्यांचं जास्तीचं भाडं मागायला लागला. मी त्याला भररस्त्यात असा झापला, असा झापला की त्यानं पाट्या स्वतः उचलून ओट्यावर आणून ठेवल्या आणि पाणी मागितलं. मी चहा दिला. त्याच्या आईचं गुडघ्याचं दुखणं निघालं, तर तिच्यासाठी निर्गुडीचा पाला पण दिला. रूपाली खिडकीतून बघत होती. आत आले तर ती झटकन वळून देवघरात गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. माझ्यावर चिडली असणार. चारचौघांत ओरडलेलं तिला खपत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून तयारी. रूपालीनं खिरीचे गहू भिजवले, अळू आणलं. मी मात्र गप्प बसून मटकी भिजवून मोड आणून ठेवले होते. पाटावर कोणीही बसो, घरात मिसळ शिजणार. आत्याबाईंच्या नावाच्या दिवशी घरात तर्रीचा वास नसेल तर मला घास उतरणार नाही.

दुपारी मी वाटण करायला घेतलं आणि बघते तर रूपाली विळी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. समोर कांद्यांची पाटी. सरळ कांदा चिरायला लागली.

"अगं, पितरांचे दिवस," मी म्हटलं.

"असू दे. पितर बाकीचे. आई काय, आईच आहे."

कांद्यानं दोघींच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मग ती बोलायला लागली. "वहिनी, मला कांद्याचं काही नव्हतं हो. मला भीती वाटत होती. कोणीतरी परकी बाई आईसारखं बोटं चाटत जेवणार, आणि आपण तिला आई समजून पाया पडायचं, ते मला बघवलंच नसतं. म्हणून मी मुद्दाम लताबाईंना ठरवलं. त्या दोन घास खातील, रीत होईल, आणि आईची जागा कोणी घेणार नाही."

एवढे दिवस मी मनात हिला नावं ठेवली. मग आम्ही दोघी आत्याबाईंचं एकेक काढून बसलो. रूपालीच्या लग्नात आचाऱ्यानं पुऱ्या लहान केल्या म्हणून वधूची आई शालू खोचून कढईपाशी जाऊन बसली होती, आणि मुलीकडचे फोटो काढायला तिला शोधत होते. लग्नाच्या अल्बममध्ये आत्याबाई एका फोटोत आहेत, त्यात हातात झारा आहे. आम्ही हसायला लागलो ते थांबेचना. साई आत डोकावून म्हणाली, "तुम्ही दोघी रडताय का हसताय, ते एकदा ठरवा."

रूपाली उठताना म्हणाली, "वहिनी, ठेचा पण कर. नाना तू समोर बसलीस की खातात."

टॉनिकचं मी तिला सांगायला पाहिजे होतं, राहून गेलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

नवमी झाली. कशी झाली ते सगळं क्रमानं लिहिते.

लताबाई वेळेवर आल्या, जरीची साडी नेसून, नाकात नथ घालून. रूपालीनं पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. खीर, वडे, अळू, आमटी, सगळं वाढलं. लताबाई दोन घास जेवल्या, डोळे मिटून "वा" म्हणाल्या. रूपालीनं त्यांची ओटी भरली, सगळे पाया पडले. नानांनी हात जोडले, "लताबाई, आलात, घराला बरं वाटलं." रीत झाली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. नाना भिंतीकडे बघत होते. माझ्या मागं पातेल्यात मिसळ उकळत होती आणि मला पातेल्यासकट तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मग नाना उठले. भिंतीला टेकवलेला दुसरा पाट त्यांनी स्वतः वाकून उचलला. साई धरायला धावली तर तिला हातानं बाजूला केलं. लताबाईंच्या शेजारी पाट मांडला. रांगोळी त्यांना येत नाही, तर परडीतले झेंडू कुस्करून भोवती पाकळ्या टाकल्या. ओबडधोबड.

"मीना, बस," म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "नाना, मी? मी कशी बसू? सवाष्णीचा पाट आहे तो."

"बस म्हणतो ना."

"नाना, लोक काय म्हणतील ते जाऊ द्या, पण आत्याबाईंच्या नवमीला माझ्यासारखी... नको. अपशकुन नको."

नानांनी काठी टेकली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "नवमी कोणाची? माझ्या बायकोची. ती अहेव गेली ती कोणामुळं? मी मागं राहिलो म्हणून. तर तिच्या पाटावर कोण बसणार, ते मी सांगणार. गुरुजी नाय, रूपाली नाय, आणि तू बी नाय."

नाना पाटाजवळ सरकले.

"आणि बसायचं काय राहिलंय आता?" नाना म्हणाले. आवाज खाली आला होता. "वरीसभर तिच्या जागेवर तूच बसतीस. तिच्यासारखी भांडतीस. समोर बसून ठेचा खातीस, सूं सूं करतीस, आणि मला भूक लागती. मी म्हातारा झालोय, पण आंधळा नाय झालो. मला आणखी कोणती बाई दाखवणार हायेस तू?"

मी रूपालीकडे बघितलं. ती उठली आणि माझ्या बाजूनं आत गेली. मला वाटलं, संपलं, ही आता बॅग भरणार. ती बाहेर आली ती ताट घेऊन. मिसळ, वर लालभडक तर्री, कांद्याचा डोंगर, लिंबू, भाजलेले पाव, जिलबी. पाटासमोर ताट ठेवलं आणि म्हणाली, "वहिनी, पाव गार होतील."

लताबाईंनी करंडा उघडला. मी मागं सरकले. त्यांनी माझी हनुवटी धरली, लहान मुलीची धरतात तशी, आणि कुंकू लावून टाकलं. "सरकू नकोस गं, वाकडं जाईल," म्हणाल्या.

मी बसले.

पहिल्या घासाची चवच कळली नाही. आत्याबाई, मनोज, सगळेच आठवत होते. दुसरा घास जरा बरा गेला. तिसऱ्याला कळलं की तर्री कमी आहे. तोंडातून निघून गेलं, "तर्री कोणी लपवून ठेवली आहे का या घरात?"

साई किंचाळून हसली. रूपालीनं पळीनं वाढली. मी कांदा घेतला, लिंबू पिळलं, पाव बुडवला. नाक वाहायला लागलं, कपाळावर घाम आला, नवं कुंकू पुसलं जाईल म्हणून लताबाई माझं कपाळ रुमालानं टिपत होत्या. आणि खरं सांगते, मिसळ अशी झाली होती की मी बोटं चाटली. सगळ्यांसमोर चाटली. समोर नाना बसले होते. त्यांनी एक पाव उचलला, माझ्याच वाटीत बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. खाता खाता डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चेहरा हसत होता. तिखटानं येत होतं असं मी आता लिहिणार नाही.

जेवण झालं. साईनं माझी ओटी भरली, पाया पडली आणि हळूच मला चिमटा काढला. मग रूपाली पुढं आली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी नणंद, मी कायम तिच्या पाया पडत आले. ती खाली वाकली, डोकं माझ्या पायावर ठेवलं आणि तशीच राहिली. उठेचना. तिची पाठ हलत होती.

आशीर्वाद द्यायला पाहिजे होता. मंत्र येत नाहीत, मोठे शब्द येत नाहीत. मी तोंड उघडलं आणि आतून जे आलं ते आलं.

"वाळलीस की गं रूपे. सासरी जेवायला घालत नाहीत का तुला?"

रूपाली अंगानं चांगली भरलेली आहे. तिला मी कधी रूपे म्हटलं नव्हतं, ते फक्त आत्याबाई म्हणायच्या. नानांचा हात पावावर तसाच थांबला.

रूपालीनं डोकं वर न करता उत्तर दिलं, "घालतात गं, आई."

तिला कोणी टोकलं नाही. मीही नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "मग ऊठ आता, ताट घे आणि बस इथं माझ्याजवळ."